मारुती मंदिराजवळचं बाइंडिंगचं दुकान आणि रूझवेल्टचे दोन मामा

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, मुख्य रस्ता सोडून आतल्या बोळात हे दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग’ एवढंच लिहिलंय. कॉलेजच्या मुलांची जर्नल्स आणि सोसायट्यांची दप्तरं हा रोजचा धंदा. पण मागच्या खोलीत मालकीणबाईंचे सासरे अजून हाताने जुजबंदी करतात, दोऱ्याने शिवून, आणि म्हणून मी हे लिहितोय.

कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. माझ्या डोळ्यांना मोबाइलवर ती वाचवत नाहीत. मी छापायला नेली ती तीन पुस्तकं एकाच घरातली आहेत: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याचं १९१३ सालचं आत्मचरित्र, आणि त्याचे मामा जेम्स बुलक यांच्या १८८३ सालच्या आठवणींचे दोन खंड. माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या ‘अलाबामा’ या जहाजाचं नाव तेव्हापासून डोक्यात होतं. ते बांधून घेणारा माणूस रूझवेल्टचा मामा, हे बऱ्याच उशिरा कळलं.

हे घरच मधोमध चिरलेलं होतं. वडील न्यूयॉर्कचे, लिंकनच्या बाजूचे. आई मिटी जॉर्जियातल्या रॉझवेल गावची, गुलाम राखणाऱ्या घरातली. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी पेटली तेव्हा थिओडोर अडीच वर्षांचा. घरात आजी आणि मावशीही राहायच्या आणि तिघींचा जीव दक्षिणेत अडकलेला. वडिलांनी स्वतः बंदूक उचलली नाही. पैसे देऊन बदली माणूस पाठवला आणि सैनिकांच्या पगारातला वाटा त्यांच्या घरी पोचवायच्या कामाला लागले. जेवायच्या टेबलावर कोण काय बोलत असेल, याचा मी बराच विचार केला आहे. आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. आई रागावली म्हणून पोराने रात्रीच्या प्रार्थनेत, तिच्या देखत, देवाकडे मोठ्याने मागणं मागितलं की उत्तरेच्या फौजेला यश दे. आईला हसू आवरेना. पण पुन्हा असं केलंस तर वडिलांना सांगेन, अशी तंबी तिने दिली.

हे पान स्कॅनमध्ये दोनदा आलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं, मालकीणबाईंनी पाहिलं. त्यांनी छापायच्या आधी फाइलची पानं क्रमांकाने तपासली, जास्तीचं काढलं, आणि मगच बुकलेटच्या क्रमाने लावली. कुणी सांगितलेलं नसताना. शहरातल्या एका मोठ्या दुकानात मला पूर्वी मधली पानं उलटी लावून दिली होती, म्हणून ह्या तपासणीचं मोल मला फार वाटतं. आतल्या बाजूला समासही पुरेसा सोडला आहे. पुस्तक उघडल्यावर सपाट बसतं, ओळी शिवणीत जात नाहीत.

खळीत सासरेबुवा मोरचूद घालतात. आपल्या हवेत ते हवंच. नाहीतर दोन पावसाळ्यांत कसर पुठ्ठ्याची चाळण करते.

आता मामांचे खंड. जेम्स हे मिटीचे सावत्र भाऊ, दर्यावर्दी माणूस. १८६१ मध्ये दक्षिणेच्या आरमाराचे हस्तक म्हणून लिव्हरपूलला गेले. तिथे नदीपलीकडे बर्कनहेडला लेअर्डच्या गोदीत ‘क्रमांक २९०’ या नावाखाली जहाज बांधून घेतलं आणि जुलै १८६२ मध्ये तटस्थ इंग्रज सरकारच्या हातावर तुरी देऊन बाहेर काढलं. तीच अलाबामा. शिडं आणि वाफ दोन्हींवर चालणारी, शिडांवर असताना पंखा पाण्याबाहेर उचलता येणारी. ही रचना मी पुन्हा पुन्हा वाचली. तिने उत्तरेची साठाहून जास्त व्यापारी जहाजं धरली. जानेवारी १८६४ मध्ये तर ती आपल्याच पश्चिम किनाऱ्याला खाली मलबारपर्यंत आली, ‘एमा जेन’ हे जहाज जाळलं आणि पकडलेली माणसं केरळातल्या अंजेंगोला उतरवली. त्याच वर्षी १९ जूनला फ्रान्समध्ये शेरबूरसमोर लढाईत ती बुडाली. धाकटा मामा अर्विन तेव्हा तिच्यावर तोफेपाशी होता.

युद्धानंतर दोघांनाही माफी नव्हती. बहिणीला भेटायला ते खोट्या नावांनी न्यूयॉर्कला आले. भाच्याने मात्र मामांवर आयुष्यभर जीव लावला, आणि १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून आजोळी रॉझवेलला गेला तेव्हाही ते लपवलं नाही.

वाचताना मामा मलाही आवडले, आणि तेच मला खुपलं. जेम्स यांची पानंच्या पानं करार, कायदे आणि तटस्थतेवर आहेत. पण ज्या राज्यांसाठी हे जहाज बांधलं ती गुलामगिरी टिकवायला फुटून निघाली होती. भाच्याच्या पुस्तकात आजोळचे गुलाम येतात ते आईने सांगितलेल्या गमतीच्या गोष्टींत. आईची दाई मॉम ग्रेस वारली असं तो धरून चालला होता. रॉझवेलला ती समोर उभी राहिली. डॅडी ल्यूक आणि मॉम शार्लट यांनी युद्धानंतरही जागा सोडली नाही, असं तो कौतुकाने लिहितो. कुठे जाणार होती ती? त्यांना स्वतःला काय म्हणायचं होतं याची एक ओळ तिन्ही पुस्तकांत नाही. मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं शिवून मागितली होती, तिथे ही नावं लिहून ठेवली आहेत. पुढे नातवंडांनी वाचलं तर अलाबामाबरोबर तीही वाचावीत.

उणीव एकच: पाठीवर सोनेरी अक्षरं मिळत नाहीत, छापील चिठ्ठी चिकटवतात. ए-५ आकार, पाठपोट छपाई, कापडी पाठ धरून साडेचारशे पानांच्या खंडाला ₹५५० पडले. आत्मचरित्र सहाशे पानांच्या वर, त्याला थोडे जास्त. जुजबंदी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर मुलांच्या जर्नलसारखं गरम गोंदाचं करून देतील. काम मार्च-एप्रिलमध्ये द्या. जुलैत खळ वाळत नाही, आणि गणपतीच्या सुमारास सासरेबुवा कामच घेत नाहीत.