यजमान कोणी निवडावा: बंद खोली, महासभा की बिनविरोध?

पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाचा यजमान ठरवायला २०१० पासून फिफाने तीन वेगवेगळ्या पद्धती वापरल्या. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये कार्यकारी समितीच्या २२ सदस्यांनी गुप्त मतदान करून २०१८ ची स्पर्धा रशियाला आणि २०२२ ची कतारला दिली. जून २०१८ मध्ये मॉस्कोत सर्व सदस्य देशांच्या महासभेने उघड मतदान करून २०२६ साठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांची निवड केली. आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी त्याच महासभेने ऑनलाइन बैठकीत टाळ्या वाजवून २०३० आणि २०३४ अशा दोन्ही स्पर्धांचे यजमान एका झटक्यात ठरवले. ना मतपत्रिका, ना मोजणी.

तुम्ही एखाद्या क्रीडा संघटनेच्या घटनादुरुस्ती समितीवर असाल, चाहत्यांच्या गटातर्फे निवेदन तयार करत असाल किंवा यजमानपदाच्या दावेदारीवर सरकारी पैसा खर्चावा का, यावर सल्ला देत असाल, तर यातली कोणती पद्धत मागायची हे तुम्हाला ठरवावेच लागेल. माझा कौल आधीच सांगतो. महासभेचे उघड मतदान मागा, पण अटी घालून. ते जमत नसेल तर छोटी समितीही चालेल, मात्र प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी जाहीर झाले पाहिजे. बिनविरोध निवडीला मात्र कोणत्याही रूपात होकार देऊ नका.

मत विकत घ्यायला किती जणांना गाठावे लागते?

छोट्या खोलीचा मोठा दोष आकड्यातच आहे. २२ जण मत देणार असतील तर १२ जण पुरतात. जुलै २००० मध्ये २००६ च्या स्पर्धेसाठी मतदान झाले, तेव्हा जर्मनीला १२ आणि दक्षिण आफ्रिकेला ११ मते पडली. न्यूझीलंडचे चार्ल्स डेम्प्सी शेवटच्या फेरीत तटस्थ राहिले. त्यांनी आपल्या ओशनिया महासंघाच्या सूचनेप्रमाणे दक्षिण आफ्रिकेला मत दिले असते, तर बरोबरी होऊन निर्णायक मत अध्यक्षांकडे गेले असते. एका माणसाच्या तटस्थ राहण्याने विश्वचषक एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला.

२०१० मध्ये तर मतदानाआधीच दोन सदस्य गळाले होते. नायजेरियाचे अमोस अदामू आणि ताहितीचे रेनाल्ड तेमारी हे एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यात अडकले आणि निलंबित झाले. म्हणून २४ चे २२ उरले. त्या २२ जणांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढच्या काही वर्षांत निलंबन, बंदी, आरोपपत्र किंवा चौकशीला सामोरे गेले. त्यांतले अमेरिकेचे चक ब्लेझर यांनी २०१३ मध्ये न्यायालयात कबुली दिली की १९९८ आणि २०१० च्या स्पर्धांचे यजमान निवडले जात असताना त्यांनी आणि इतरांनी लाच घ्यायचे मान्य केले होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी पुढचा आरोप ठेवला: कतारच्या बाजूने मत देण्यासाठी दक्षिण अमेरिकेच्या सदस्यांना पैसे मिळाले आणि रशियाच्या बाजूने मत देण्यासाठी त्रिनिदादचे जॅक वॉर्नर यांना ५० लाख डॉलर देण्यात आले. रशिया आणि कतार दोघांनीही हे नाकारले आहे.

महासभेत २०० हून अधिक मते असतात, तेव्हा प्रत्येकाला गाठणे महाग पडते. पण मते सुटी नसतात, गठ्ठ्यांनी असतात, हे विसरू नका. मे २०११ मध्ये फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम पोर्ट ऑफ स्पेनला कॅरिबियन देशांच्या प्रतिनिधींना भेटले आणि त्यानंतर तिथे प्रत्येकी ४०,००० डॉलरची पाकिटे वाटली गेली. ती अध्यक्षपदाची निवडणूक होती, यजमानपदाची नव्हे, पण मतदार तेच होते. म्हणजे महासभेतही घोडेबाजार होतो. फरक पुढे दिसतो. बहामाच्या पदाधिकाऱ्याने नोटांचा फोटो काढला, पैसे परत केले आणि प्रकरण काही आठवड्यांत बाहेर आले. झुरिकच्या खोलीत जे घडले त्याचे तपशील गोळा व्हायला दहा वर्षे लागली. जितके जास्त लोक सामील करावे लागतात, तितकी त्यातला एक तरी प्रामाणिक निघण्याची शक्यता वाढते. माझ्या मते महासभेच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

ऑलिम्पिकचा अनुभवही याच्याशी जुळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीत शंभरावर सदस्य गुप्त मतदान करतात. सॉल्ट लेक सिटीच्या (२००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या) लाच प्रकरणात १९९९ मध्ये दहा सदस्यांना जावे लागले, आणि रिओच्या २०१६ च्या स्पर्धेबाबत माजी राज्यपाल सेर्जिओ काब्राल यांनी २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले की मते मिळवण्यासाठी सुमारे २० लाख डॉलर दिले गेले. खोली मोठी करून मतदान गुप्तच ठेवले तर फार काही साधत नाही.

तांत्रिक अहवालाला किंमत आहे का?

२०१० मध्ये नव्हती. चिलीचे हॅरॉल्ड मेन-निकोल्स यांच्या पथकाने सर्व दावेदार देश पाहून अहवाल दिला होता. कतारच्या जून-जुलैच्या उन्हाचा धोका त्यात स्पष्ट लिहिला होता. तरीही शेवटच्या फेरीत कतारने अमेरिकेला १४-८ असे हरवले. मग २०१५ मध्ये, निवडीनंतर पाच वर्षांनी, स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवावी लागली आणि जगभरच्या लीगची वेळापत्रके मोडली. ज्या अटीवर स्पर्धा दिली, ती अटच नंतर बदलली. हरलेल्या देशांची ही उघड फसवणूक होती, असेच मी म्हणेन.

२०१८ मध्ये गुण आधीच जाहीर झाले: उत्तर अमेरिकेच्या संयुक्त दाव्याला ५ पैकी ४.०, मोरोक्कोला २.७. मते पडली १३४ विरुद्ध ६५. गुणांचा आणि निकालाचा मेळ बसला. अर्थात त्याच दाव्याने फिफाला ११ अब्ज डॉलर नफ्याचे आश्वासन दिले होते आणि फिफाचा पैसा सदस्य संघटनांमध्येच वाटला जातो, म्हणजे गुणांइतकेच पैशानेही काम केले असणार. २०२३-२६ या काळात फिफाच्या विकासनिधीतून प्रत्येक सदस्य संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. लहान देशाच्या संघटनेसाठी ही रक्कम जीवनमरणाची असते. याला लाच म्हणता येणार नाही, पण निधी वाटणाऱ्या नेतृत्वाला नको असलेले मत द्यायला अशी संघटना कचरते, हे मान्य करूनच महासभेची पद्धत निवडावी.

इथे छोट्या खोलीचे एक चांगले उदाहरण सांगितलेच पाहिजे. जून २०२० मध्ये महिला विश्वचषक २०२३ साठी फिफाच्या परिषदेने मतदान केले. सुधारणांनंतर जुन्या कार्यकारी समितीची जागा या ३७ सदस्यांच्या परिषदेने घेतली आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला ४.१ गुण होते, कोलंबियाला २.८. युरोपीय सदस्यांनी एकगठ्ठा कोलंबियाला मते दिली, तरी निकाल २२-१३ असा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूने लागला. कोणी कोणाला मत दिले हे लगेच जाहीर झाले आणि कमी गुणांच्या दाव्यामागे का उभे राहिलो, हे युरोपीय महासंघाला सांगावे लागले. खोली छोटीच होती, पण मते उघड होती म्हणून प्रश्न विचारता आले.

मागे पुरावा राहतो का?

२०१० च्या चौकशीसाठी नेमलेले मायकल गार्सिया यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये अहवाल दिला. फिफाने त्याचा ४२ पानी सारांश तेवढा प्रसिद्ध केला, तो अपुरा आणि चुकीचा असल्याचे सांगत गार्सिया यांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला, आणि पूर्ण अहवाल २०१७ मध्ये, तोही फुटल्यावर, बाहेर आला. रशियाच्या दावेदारी समितीने वापरलेले संगणक भाड्याचे होते, ते परत गेले आणि नष्ट झाले. मतदान गुप्त असल्याने कोणाचे मत कोणाला, हे कागदावर कुठेच नव्हते.

२७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलात फुटबॉल पदाधिकाऱ्यांना अटका झाल्या, त्या अमेरिकी तपासामुळे, कारण पैसा अमेरिकी बँकांमधून फिरला होता. तिथे शिक्षा झालेली बहुतेक प्रकरणे प्रक्षेपण आणि विपणन हक्कांच्या लाचेची आहेत. यजमानपदाच्या मतांबाबत न्यायालयात फारच थोडे सिद्ध झाले आहे. गुप्त मतदानाचा खरा तोटा इथे कळतो: संशय सगळ्यांवर राहतो आणि दोष कोणावरच ठरत नाही.

उघड मतदानाची दुसरी बाजूही आहे. मत दिसते म्हणजे दबाव आणणाऱ्यालाही दिसते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सुचवले की आम्ही ज्यांना मदत करतो त्यांनी आमच्या दाव्याविरुद्ध जाऊ नये. छोट्या देशाच्या संघटनेला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तरीही मी उघड मतदानाच्याच बाजूने राहीन, कारण ती धमकीसुद्धा उघड झाली, तिच्यावर लिहिले-बोलले गेले, आणि ६५ संघटनांनी तरीही मोरोक्कोला मत दिले.

दावेदाराच्या पैशाचे काय?

सरकारी सल्लागारांसाठी हा मुद्दा. २०१८ साठी इंग्लंडने सुमारे २.१ कोटी पौंड खर्च केले आणि दोन मते मिळवली, त्यातले एक त्यांच्याच सदस्याचे. २०२२ साठी ऑस्ट्रेलियाने सुमारे ४.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा सार्वजनिक पैसा लावला आणि एक मत मिळवले. मतदान गुप्त असताना दावेदारीवर जनतेचा पैसा लावू नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

बिनविरोध: लाच देण्याची गरजच उरत नाही

टाळ्यांनी निवड झाली तर मत विकत घेण्याचा प्रश्न मिटतो, भांडण होत नाही, खर्च वाचतो, असे सांगितले जाते. दिसायला ही स्वच्छ पद्धत आहे. पण निर्णय झाला कुठे, ते पाहा.

४ ऑक्टोबर २०२३ रोजी फिफाच्या परिषदेने ठरवले की २०३० ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये होईल आणि शताब्दीनिमित्त एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेमध्ये होईल. १०४ सामन्यांपैकी तीन सामन्यांमुळे दक्षिण अमेरिकाही यजमानांत मोजली गेली. २०२६ उत्तर अमेरिकेकडे होतेच. आधीच्या दोन स्पर्धांचे खंड पुन्हा येऊ नयेत या नियमाने २०३४ साठी फक्त आशिया आणि ओशनिया उरले. इच्छा कळवायला मुदत दिली ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चार आठवडेही नाहीत. आधीपासून उभ्या असलेल्या स्टेडियमची अट २०३० साठी सात होती, २०३४ साठी ती चारवर आणली. सौदी अरेबियाने ४ ऑक्टोबरलाच दावा जाहीर केला आणि आशियाई महासंघाच्या अध्यक्षांनी लगेच पाठिंबा दिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाने माघार घेतली आणि सौदी अरेबिया हा एकच दावेदार उरला.

यात कोणी पैसे घेतले, असा माझा आरोप नाही. माझा मुद्दा यंत्रणेचा आहे. स्पर्धेचा निकाल लावणारा प्रत्येक निर्णय, म्हणजे खंड कोणते, मुदत किती, अट कोणती, परिषदेच्या खोलीत झाला. महासभेपुढे प्रश्न आला तेव्हा उत्तर एकच शिल्लक होते. २०१० च्या खोलीतून मते काढून टाकली आणि अधिकार तसाच ठेवला, असे हे झाले. झुरिकमध्ये निदान १४ आणि ८ हे आकडे तरी नोंदले गेले. इथे गुन्हा शोधायला गेलेल्या तपास अधिकाऱ्याला विचारण्यासारखा प्रश्नही सापडणार नाही, कारण सगळे नियमाप्रमाणे झाले आणि नियम तिथेच बनले.

मूल्यमापन अहवालाचेही तेच. सौदी दाव्याला ५०० पैकी ४१९.८ गुण मिळाले आणि मानवी हक्कांचा धोका ‘मध्यम’ ठरवला गेला. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतले. समोर दुसरा दावेदार असता तर त्यानेच हे आक्षेप लावून धरले असते. दोन्ही स्पर्धांचा ठराव एकत्र जोडल्याने २०३० ला होकार आणि २०३४ ला नकार, असे म्हणायची सोयही राहिली नाही. नॉर्वेच्या संघटनेने या पद्धतीवर लेखी आक्षेप नोंदवला.

मग मागणीत काय लिहावे?

महासभेचे मतदान, नावानिशी, त्याच दिवशी जाहीर. एका बैठकीत एकाच स्पर्धेचा निर्णय. दावा कळवायला किमान एक वर्ष. कोणत्या खंडांना संधी आणि स्टेडियमच्या अटी काय, हेही महासभेनेच मंजूर करावे आणि मतदानाच्या बऱ्याच आधी, दावेदार कोण हे कळण्यापूर्वी. एकदा दावे मागवल्यावर अट बदलली तर प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. तुमची संघटना छोटी असेल आणि एवढे सगळे पेलणार नसेल, तर २०२० च्या महिला विश्वचषकाच्या मतदानाचा नमुना घ्या: मोजके सदस्य, आधी गुण, नंतर नावानिशी मत.

आणि एक दावेदार उरला तरी नकाराचा रकाना हवाच. ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये ब्रिस्बेन हे एकच नाव पुढे असतानाही हो-नाही असे मतदान घेतले: ७२ हो, ५ नाही. फिफाच्याच २०१८ च्या मतदानात ‘दोन्ही दावे नामंजूर, प्रक्रिया पुन्हा सुरू करा’ हा पर्याय होता आणि त्याला एक मत पडले होते. तो पर्याय त्या वर्षी दोन दावेदार असतानाही दिला गेला. एकच दावेदार असेल तेव्हा तो सक्तीचा असावा आणि त्याला बहुमत मिळाले तर नव्याने दावे मागवले जावेत, हे कलम मसुद्यात शब्दशः घालून घ्या.