पाच-इन-वन रिफ्लेक्टर: घ्यावा तो काळ्या बाजूसाठी

११० सेंटिमीटरचा घडीचा रिफ्लेक्टर, म्हणजे फोटो काढताना उजेड परतवणारी, बदलत्या रंगांच्या कापडी खोळीची चकती, बहुतेक जण चंदेरी बाजूसाठी घेतात. पण फोटोत मूड हवा असेल, तर खरं काम काळं कापडच करतं. खिडकीचा उजेड एका गालावर घ्या आणि दुसऱ्या गालापासून हातभर अंतरावर काळी बाजू धरा. भिंतींवरून परतणारा उजेड अडतो, सावली गडद होते. २ मीटर लांब नेलीत, तर फरक जेमतेम दिसेल. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, उजळ गालावर मोजा. ऑटोवर कॅमेरा सावल्या उजळवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सोनेरी बाजू खिडकीच्या उजेडात त्वचा पिवळी करते, टाळाच. खोळीच्या आतलं उजेड मऊ करणारं अर्धपारदर्शक कापड, म्हणजे डिफ्यूझर, छान; साधारण १ ते २ स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). खोळीची चेन मात्र जपून ओढा, कापड अडकतं.