एएफ निघालं, आता काय? रक्त पातळ करायची जुनी गोळी की नवी, औषधांवर राहायचं की अ‍ॅब्लेशन

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी रोज सकाळी बाबांची नाडी मोजायचं काम माझ्याकडे आहे. मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो, कारण ठोके सारखे पडतच नाहीत. तीन भरभर येतात, चौथा इतका उशिरा येतो की माझाच श्वास अडकतो, मग पुन्हा दोन घाईघाईने. ईसीजीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘एएफ’ लिहून दिलं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात.

काटोलच्या मावशीला हेच दुखणं १२ वर्षांपासून आहे. दोघांच्या गोळ्या मात्र वेगळ्या, आणि त्या वेगळ्याच असायला हव्यात. ते का, हे समजायला मला सहा महिने लागले. ज्यांच्या घरी हा निर्णय आत्ता समोर आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी एक गाठ सोडवून घ्या. इथे प्रश्न दोन आहेत. रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन लकवा होऊ नये म्हणून काय करायचं, हा एक. बिघडलेल्या ठोक्यांचं काय करायचं, हा दुसरा. ठोके ताळ्यावर आले म्हणून पहिला प्रश्न मिटला असं समजू नका. धडधड थांबली की गोळी बंद करणारे लोक मी स्वतः पाहिलेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते.

गुठळीचा प्रश्न

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं. डाव्या बाजूला पिशवीसारखा एक कोपरा असतो, बहुतेक गुठळ्या तिथेच धरतात. एएफमुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. म्हणून डॉक्टर गुण मोजतात. बीपी असेल तर १, शुगरचा १, हृदय कमजोर असेल तर १, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ च्या पुढे २, आधी लकवा होऊन गेला असेल तर २. बाबा ७१ वर्षांचे, बीपी आहे, शुगर आहे, झाले ३. दोन किंवा जास्त गुण आले की रक्त पातळ करायची गोळी सांगतातच. पूर्वी बाईमाणसाला बाई म्हणून एक गुण जास्तीचा धरायचे, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये तो काढून टाकला. आणि ‘अ‍ॅस्पिरिन चालूच आहे की’ हे उत्तर इथे चालत नाही. एएफमधल्या लकव्यापासून अ‍ॅस्पिरिन पुरेसं वाचवत नाही.

मावशीला लहानपणी सांधे धरून ताप आला होता आणि त्यात हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली. ती जुन्या गोळीवर आहे, एसिनोकुमेरॉल; वॉरफेरिनची बहीण म्हणा. ही गोळी व्हिटॅमिन के चं काम अडवते. डोस बरोबर आहे की नाही हे आयएनआर या रक्ततपासणीवरून कळतं. आकडा २ ते ३ च्या मधे हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. मावशीकडे १०० पानी वही आहे. तारीख, आकडा, गोळी अर्धी की पाऊण, सगळं लिहिलेलं. देवघराच्या कट्ट्यावर बसून ती ब्लेडने गोळीचे तुकडे करते आणि शेजारच्या कोणालाही त्या डबीला हात लावू देत नाही. दर हिवाळ्यात तिचा आकडा पडायचा, कारण शेतातून हरभऱ्याची कोवळी भाजी आणि मेथी रोज ताटात यायची. डॉक्टरांनी भाजी बंद केली नाही. आठवड्यात जितकी खाता तितकीच बाराही महिने खा, एवढंच सांगितलं. तेव्हापासून वहीतले आकडे बरेच शांत आहेत. संत्र्याची भीती मात्र कोणी घालू नये. अडचण ग्रेपफ्रूट आणि तशाच पपनसाची काही औषधांबरोबर होते, आपल्या संत्र्याची नाही.

बाबा नव्या गोळीवर आहेत, अ‍ॅपिक्साबॅन. याच घराण्यात रिव्हरॉक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान येतात. आयएनआर नको, भाज्यांचं पथ्य नको. १८ हजारांवर रुग्णांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वॉरफेरिनपेक्षा अ‍ॅपिक्साबॅनने लकवेही कमी झाले आणि रक्तस्रावही. मग मावशीलाही हीच का नको? कारण अशाच अरुंद मायट्रल झडपेच्या रुग्णांमध्ये रिव्हरॉक्साबॅन ताडून बघितली तेव्हा, २०२२ मध्ये, जुनी गोळीच सरस ठरली. धातूची झडप बसवलेल्यांना तर नव्या गोळ्या देतच नाहीत. म्हणून पहिली मागणी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची करा. झडपा बघितल्याशिवाय कोणी नवी गोळी लिहून देत असेल तर थांबा आणि विचारा.

नव्या गोळीची खोटही सांगते. तिचा असर दिवसभरात ओसरतो. बाबांची गोळी सकाळी आणि रात्री, दोन वेळा. एक चुकली की तेवढा वेळ कवच नाही. रिव्हरॉक्साबॅन एकदाच घ्यायची, पण भरल्या पोटी. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल ओलीने खराब होते, म्हणून ती तिच्याच पाकिटात ठेवायची, आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची नाही. शिवाय तिचा बहुतेक भाग किडनीवाटे बाहेर पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हातारं माणूस पाणी कमी पितं आणि किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, चढतो. बाबांची किडनीची तपासणी आम्ही उन्हाळ्याच्या तोंडी करून घेतो. पैशाचं म्हणाल तर पेटंट संपल्यापासून नव्या गोळ्यांचे भाव बरेच उतरलेत. जुनी गोळी स्वस्त खरी, पण काटोलहून नागपूरला साठेक किलोमीटर येणं-जाणं, तपासणी आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी हेही हिशेबात धरा.

माझं मत स्पष्ट आहे. झडपा ठीक आणि किडनी ठीक असेल, तर नवी. अरुंद मायट्रल झडप किंवा धातूची झडप असेल, तर जुनी, आणि वही मावशीसारखी.

ठोक्यांचा प्रश्न

इथे वाटा तीन. ठोके अनियमितच राहू द्यायचे पण त्यांचा वेग आवरायचा, ही पहिली. त्यासाठी मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम वगैरे गोळ्या. बसल्या जागी मिनिटाला ११० च्या आत वेग असला तरी बहुतेकांना चालतं, हे २०१० च्या अभ्यासात दिसलं. वय झालेलं, फार त्रास नाही, अशांना हे पुरतं.

दुसरी वाट ताल परत आणणाऱ्या गोळ्यांची. अमिओडेरॉन खूप चालते, पण ती थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर उतरू शकते. तिच्यामुळे कातडी उन्हालाही हळवी होते. नागपूरच्या उन्हात रोज फिरणाऱ्या माणसाने हे आधी जाणून घ्यावं. वॉरफेरिनबरोबर घेतली तर आयएनआर चढवते.

तिसरी अ‍ॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी डाग देतात, कारण बिघडलेले ठोके बहुधा तिथूनच सुटतात. फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी हे १९९८ मध्ये दाखवलं. मधून मधून येणाऱ्या एएफमध्ये दहातल्या सातेक जणांना वर्षभर आराम पडतो. कायम झालेल्यात यश कमी, आणि कधी दुसऱ्यांदा करावं लागतं. शंभरात एखाद्याला हृदयाभोवती रक्त साचण्यासारखी गंभीर अडचण येते. निदान झाल्यापासून वर्षाच्या आत ताल सांभाळायला घेतला तर फायदा होतो, असं २०२० चा युरोपातला अभ्यास सांगतो. म्हणून ज्यांना दम लागतो, जिना चढवत नाही, त्यांनी ‘बघू पुढे’ करत वर्ष घालवू नये.

धंतोली, रामदासपेठेत हृदयाचे डॉक्टर पावलापावलावर आहेत. अ‍ॅब्लेशनसाठी मात्र इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचाच खास डॉक्टर शोधा, आणि एएफची अ‍ॅब्लेशन वर्षाला किती करता हे न लाजता विचारा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) आधीच लिहून घ्या. अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने रक्त पातळ करायची गोळी चालूच राहते. पुढे ठेवायची की नाही हे त्या गुणांवर ठरतं. बाबांचे ३ आहेत, म्हणजे ठोके सुधारले तरी त्यांची गोळी सुटणार नाही. हे कळल्यावर बाबा अर्धा तास गप्प होते. मग म्हणाले, “गोळी तर गोळी, पण मले फुटाळा तलावाची चक्कर मारता आली पाहिजे.” त्यांनी तारीख घेतली आहे.

एक शेवटचं. बाबांची दाढ काढायला गेलो तेव्हा एका दवाखान्यात त्यांना चार दिवस गोळी बंद करायला सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता. आम्ही फोन करून विचारलं, तेव्हा त्या सकाळची एकच गोळी पुढे ढकलायला सांगितली. दाढ निघाली, कापसाच्या बोळ्याने रक्त थांबलं आणि रात्रीची गोळी बाबांनी वेळेवर घेतली.