बीजी-२ कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट : लेबलवर काय, शिवारात काय

बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडच्या काळ्या रानात कपाशी करायची म्हटली की कृषी सेवा केंद्रात हेच पाकीट पुढ्यात येतं. कंपन्या आणि वाणांची नावं निरनिराळी, पण आतलं तंत्र, म्हणजे बीजी-२, एकच: बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी क्राय १ एसी आणि क्राय २ एबी ही दोन जनुकं. अशा जनुकांच्या कपाशीलाच बीटी म्हणतात. म्हणून हे परीक्षण कुठल्या वाणाचं नाही, पाकिटाचं आणि त्यावरच्या मजकुराचं आहे.

कमाल दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो ९०१ रुपये होता. मागणीच्या वाणावर जादा पैसे मागणारा दुकानदार सरळ कायदा मोडतो.

आता वजन. शंभर सरक्यांचं वजन ८ ते १० ग्रॅम धरलं तर पाकिटात साधारण ५,००० बिया येतात. तीन बाय तीन फुटांवर एकरात ४,८४० ठिकाणं होतात. म्हणजे एका ठिकाणी एकच बी टोकली तरी नांगे (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरायला काही उरत नाही. त्यात उगवणीची किमान अट ७५ टक्के, म्हणजे चौथा हिस्सा न उगवूनही माल नियमात बसतो. टोकणीच्याच दिवशी थोडं बी प्लास्टिक पिशव्यांत लावून ठेवावं आणि आठ-दहा दिवसांनी ती रोपं नांग्यांत लावावीत. त्यासाठी जास्तीचं बी लागेल हे आधीच हिशोबात धरा.

पूर्वी ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची, म्हणजे अळीला आसरा म्हणून लावायच्या साध्या कपाशीची, वेगळी पुडी यायची. ती कडेच्या पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रात, जे जास्त असेल तिथं, लावायची होती. बहुतेक पुड्या बांधावरच पडल्या. आता तेच बी आत मिसळून येतं, ५ ते १० टक्के, म्हणजे २४ ते ४८ ग्रॅम. त्यामुळं पट्टी-चाचणीत (पानात बीटीचं विष आहे का हे पट्टीवर दाखवणारी चाचणी) २० झाडांची पानं तपासली आणि एक-दोन निगेटिव्ह आली तर लगेच भेसळ समजू नका. सात-आठ निगेटिव्ह आली तर मात्र तक्रार करा.

हिरव्या बोंडअळीवर हे पाकीट आजही पैसे वसूल करून देतं. गुलाबी बोंडअळीवर नाही, आणि हे विकताना कुणी सांगत नाही याची आम्हाला चीड येते. आपल्याकडची बीटी संकरित असते. झाड एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी, त्यामुळं बोंडातल्या सरक्यांत जनुकं सारखी येत नाहीत: सोळांतल्या नऊंत दोन्ही जनुकं, सहांत एकच, एकीत एकही नाही. अळी त्याच सरक्या खाते. कमी विषावर जगलेली अळी पुढची पिढी विषाला न दाद देणारी करते. घरचं बी धरू नये तेही याच कारणानं.

म्हणून हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरांत दहा फुलं डोमकळ्या (अळीमुळं न उमलता मिटून राहिलेली फुलं) झाली, की फवारणीची वेळ झाली. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुन्हा बोंडांसाठी राखलेलं पीक, ठेवू नका. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करा.

सीमाभागातली खास अडचण पुढं आहे. बीटी वाणांच्या मंजुरीत महाराष्ट्र मध्य विभागात, कर्नाटक दक्षिण विभागात. अथणीचा शेतकरी मिरज-जतकडून पाकीट आणतो तेव्हा तो वाण इकडच्या विभागासाठी शिफारशीत आहे का, हे लेबलवर वाचूनच घ्यावं. बी बिघडलं तर इथला बियाणे निरीक्षक तिकडच्या दुकानावर हात टाकू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

तणनाशक मारलं तरी मरत नाही म्हणून खपवलं जाणारं चोरबीटीचं पाकीट घेऊच नका. केंद्राच्या जीईएसी या समितीनं २००२ साली पहिली बीटी कपाशी आणि २००६ साली बीजी-२ मंजूर केली. तणनाशक-सहनशील कपाशीला मंजुरी नाही. बीटी वांगं २०१० पासून थांबलेलं आहे, जनुक बदललेल्या (जीएम) मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. देशात लागवडीला प्रत्यक्षात मोकळी असलेली जीएम पिकं म्हणजे फक्त कपाशी. मक्याचं किंवा वांग्याचं ‘बीटी बी’ कुणी देऊ केलं तर ते बेकायदा तरी आहे नाहीतर खोटं. चोरबीटीच्या पाकिटावर लॉट नंबर असला तरी त्याला अर्थ नसतो, आणि पावती मिळत नाही म्हणून भरपाईही नाही.

घेताना परवाना आणि साठा-दर फलक दुकानात लावलेला आहे का बघा. पक्क्या पावतीवर वाण, लॉट नंबर आणि दर लिहून घ्या. पाकीट एका कडेनं कापा, टॅग फाडू नका, मूठभर बी पाकिटातच बाजूला ठेवा. उगवण फसली तर नांगे भरण्याआधीच रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कारण पंचनामा उभ्या रानाचाच होतो. त्याच लॉटचं न फोडलेलं पाकीट दुकानात शिल्लक असेल तर निरीक्षकाला नमुना तिथूनच काढायला सांगा.