एका हाताने बांधता आला पाहिजे
पक्षाघातात माझी डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, पण पंजा उचलेना. चालताना बोटं जमिनीला घासायची, चटईच्या कडेलाही अडखळायचे. त्यासाठी एफईएसचा, म्हणजे विजेच्या झटक्यांनी स्नायू हलवणारा पट्टा वापरतेय, त्याला आठ महिने झाले.

पट्टा गुडघ्याखाली बांधायचा, टाचेखाली चपटा स्विच ठेवायचा. टाच उचलली की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या नसेला विजेचे बारीक झटके बसतात आणि पंजा वर येतो. टाच टेकली की झटके बंद. युक्ती जुनी आहे, लिबर्सन नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्येच मांडलेली. पंजा पहिल्यांदा आपसूक उठला तेव्हा मला रडू आलं. दहा मीटरला मला २० सेकंद लागायचे, आता १६ लागतात. घराबाहेर मोकळं फिरायला सेकंदाला ०.८ मीटर वेग लागतो असं धरतात. तिथवर मी अजून पोचलेले नाही.

पण पट्टा बांधायला दोन हात लागायचे! पक्षाघातात पायाबरोबर हातही जातो, हे बनवणाऱ्यांना माहीत नसेल? विक्रेता म्हणाला, "घरातलं कुणी बांधून देईल ना." रोज सकाळी नवऱ्याला हाक मारावी लागायची.

ही अडचण सुटली ती अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांच्या वर्गात. ते पुनर्वसनाच्या साधनांवर संशोधन करतात आणि वर्गात माझ्यासारख्यांना बोलावतात. पहिल्या दिवशी सेन्सर नाही, मोजमाप नाही. मी पट्टा आणि बूट कसे चढवते, ते मुलांनी नुसतं बघायचं. अकरा मिनिटं लागली. एक मुलगा मदतीला उठला, सरांनी त्याला खुणेनेच बसवलं. एका मुलीने अंदाज यावा म्हणून घरी स्वतःचा डावा हात बांधून पाहिला होता. सर तिला म्हणाले, "तुझा हात नुसता बांधलेला होता. बाईंचा मध्येच आखडतो. तो कधी आखडतो, ते त्यांनाच विचार." आणि तिने विचारलं, वहीत लिहून घेतलं. मी तेवीस वर्षं गणित शिकवलंय. इतका चांगला तास क्वचित पाहिला.

महिन्याभरात मुलांनी पट्ट्याला कडी लावली. टोक कडीतून ओवायचं, उलट ओढायचं, वेल्क्रो दाबायचं. पट्ट्यातला झटके देणारा जेलचा पॅड जरा सरकला तरी पंजा वाकडा उठतो, म्हणून आतून एक जाड शिवण घातली. ती गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने चाचपली की जागा बरोबर सापडते. आता तीन मिनिटांत, एकटीने.

उणिवा आहेतच. जेलचे पॅड वाळतात, घामाने सुटतात. चपलेत स्विच सरकतो. विजेने चालवलेला स्नायू लवकर थकतो, त्यामुळे लांबच्या फेरीत परतताना पाय पुन्हा ओढला जातो. नसच दुखावली असेल तर याचा उपयोग होत नाही, आणि पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच एका हाताने बांधून बघा. विक्रेता पुढे आला तर त्याला थांबायला सांगा.