डोरोची क्रूझ, ५,९८,५०० रुपये आणि पॅनचा रिकामा रकाना

आधीच सांगतो, सहानुभूती नको. ती घरात, सोसायटीत आणि बायकोच्या माहेरी पोटभर मिळाली आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटी "पण तुम्ही तर बँकेत होतात ना?" हे वाक्य आलंच. हो, होतो. तेही कर्ज विभागात. लोकांची कागदपत्रं तपासण्यातच नोकरी गेली. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

प्रकार नेहमीचाच. ट्रॅव्हल एजंट, आगाऊ पैसे, मग शटर बंद. चारधाम, काश्मीर, दुबई, कशाच्याही नावावर हे चालतं. माझ्या बाबतीत ते पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या नावावर चाललं, एवढाच फरक. "युरोपातली वाइन क्रूझ" म्हटलं की लोक आधी हसतात, म्हणून ती हौस कुठून आली तेही सांगून टाकतो. माझ्या मेहुण्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, थोडा माल वायनरीला जातो. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च, तिकडे सप्टेंबरात. डोरोच्या काठावर उभ्या डोंगरात पाटीच्या दगडाच्या पायऱ्या रचून बागा लावल्यात आणि काही ठिकाणी अजूनही दगडी हौदात उतरून पायांनी द्राक्षं तुडवतात. हे बघायचं होतं. दारू प्यायला जायचं असतं तर आमच्या नाशिकचा गंगापूर रोड जवळ होता.

एजंट आमच्या ओळखीचा. त्याच्याकडूनच आधी केरळला गेलो होतो. हॉटेल, गाडी, ड्रायव्हर, सगळं बोलल्याप्रमाणे. ऑफिस भर रस्त्यावर, बोर्ड मोठा, आत दोन मुली कामाला. लोक आता मला विचारतात, चौकशी केली नाहीत का? केरळची ट्रिप ही चौकशीच नव्हे का? याहून जास्त चौकशी सामान्य माणूस काय करतो?

हिशेब असा. माणशी २,८५,०००, दोघांचे ५,७०,०००, विमानासकट. एप्रिल २०२४ मध्ये टोकन ५०,००० यूपीआयने. मे महिन्यात २,५०,००० आरटीजीएस. जुलैत २,७०,००० आरटीजीएस, आणि त्याच दिवशी टीसीएसचे (टूर विकणाऱ्याने आपल्याकडून गोळा करून सरकारात भरायचा कर) २८,५०० पुन्हा यूपीआयने. एकूण ५,९८,५००. साडूंनाही मीच भरीला घातलं होतं. त्यांचे ५०,००० टोकनावरच थांबले, ते मी माझ्या खिशातून परत केले. ते पैसे कोणी मागितले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

घाई त्यानेच लावली, पण खरं बोलून लावली. डोरोवर पाच धरणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी बोट लॉकच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून वर-खाली करायच्या कोंडीतून चढवावी-उतरवावी लागते. करापातेलोच्या एकाच लॉकमध्ये ती पस्तीस मीटर वर जाते. त्या कोंडीत मावेल एवढीच बोट चालते, त्यामुळे ऱ्हाईनवरच्या बोटींपेक्षा इथल्या लहान, केबिन कमी, आणि सप्टेंबरच्या काढणीच्या आठवड्यांच्या तर फार आधी भरतात. "काका, दोनच केबिन राहिल्यात, उद्या दुपारपर्यंत होल्डवर ठेवतो." मी घरी येऊन वाचलं, तर सगळं बरोबर निघालं. खरी माहिती देणारा माणूस खोटा असेल असं वाटत नाही. लबाडाला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता तो "होल्ड" नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. क्रूझ कंपनीकडे एजंटला एक पैसाही न भरता काही दिवस केबिन धरून ठेवता येते. आरक्षण क्रमांक पडतो, प्रवाशांची नावं पडतात, बोटीचं नाव, केबिन नंबर, सगळं छापून येतं. मी मे महिन्यात कंपनीला ईमेल केला, क्रमांक दिला, आणि उत्तर आलं की या नावाने केबिन राखलेली आहे. पैसे पोचले का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मुदत संपली की ते आरक्षण आपोआप गळून पडतं. विमानाचंही तेच. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकला की नाव, तारीख, मुंबई ते पोर्टो, मधला बदल, सगळं दिसतं. माणूस खूश होतो. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट निघालं की तेरा आकडी ई-तिकीट नंबर पडतो. तो नसेल तर तुमच्याकडे फक्त एका स्क्रीनचा फोटो आहे. हा नंबर मागा, आणि तो एअरलाइनला फोन करून तपासा, एजंटला नाही.

जुलैत व्हिसासाठी नवीन व्हाउचर आलं. त्यावर केबिन २१४ ची ३०६ झाली होती. विचारलं तर म्हणाला, "काका, वरच्या डेकवर अपग्रेड करून घेतलंय तुम्हाला, पेढे द्या." आम्ही खरंच पेढे नेऊन दिले. जुना होल्ड मेला होता आणि त्याने नवीन लावला होता, एवढंच ते अपग्रेड.

बायकोने तर त्याआधीच बोट ठेवलं होतं. त्याच्या पीडीएफमध्ये तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, "रात्रभर चांदण्यातून द्राक्षमळ्यांच्या मधून प्रवास". ती म्हणाली, "अहो, डोरोवर रात्री बोटी चालतच नाहीत ना? तुम्हीच परवा वाचून दाखवलंत." बरोबर होतं. तिथे रात्रीची वाहतूक बंद असते. बोटी दिवसा चालतात आणि संध्याकाळी रेग्वा, पिन्याओ असल्या धक्क्यांना लागतात. त्याच पीडीएफमध्ये बोट थेट सालामांकाला जात होती. सालामांका या नदीवर नाहीच. बोट स्पेनच्या हद्दीपर्यंत जाते आणि पुढे बसने नेतात. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याने ती क्रूझ कधी विकलेली नव्हती. मी काय म्हणालो? "जाहिरात लिहिणाऱ्या पोरांना काय कळतंय." ते वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं.

पण माझी खरी जळजळ दुसऱ्याच ठिकाणी आहे. जुलैतला तो दिवस. मी त्याच्या टेबलासमोर, मुलीने चहा आणून ठेवलेला, तो पावती लिहितोय. छापील पावतीपुस्तक, कार्बन घातलेलं. नाव, पत्ता, रक्कम, मग "पॅन" असा रकाना. तिथे त्याने पेनाने एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, टीसीएस ५ टक्के, २८,५००. रेघ मी पाहिली. मला आजही तिचा कोन आठवतो.

परदेशी टूर पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस होता. तो तुमच्या पॅनवर सरकारात जमा होतो, २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. पॅन दिला नाही तर दर दुप्पट. म्हणजे पॅनशिवाय पाच टक्के ही गोष्टच अस्तित्वात नाही! एक तर त्याने पॅन मागायला हवा होता किंवा दहा टक्के घ्यायला हवे होते. हे मला माहीत होतं. परीक्षेला विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. तिथे मात्र मी म्हणालो, "पॅन नंतर व्हॉट्सॲप करू का?" आणि तो म्हणाला, "निवांत काका, घाई नाही." सरकारी कर गोळा करणारा माणूस घाई नाही म्हणतो आणि मी चहा पितो.

आता यावर माझं म्हणणं ऐका. बाहेर गाडी नो-पार्किंगला होती, व्हिसाची तारीख चार दिवसांवर होती, आणि त्याच माणसाने आम्हाला मुन्नारच्या थंडीत रात्री गरम पाणी मिळवून दिलं होतं. तुम्ही त्या खुर्चीत असतात तर उठला असतात? जे हो म्हणतील त्यांना माझा नमस्कार.

व्हिसा आला, हे त्यातलं सगळ्यात मोठं दुर्दैव. माणशी ९० युरो फी, वर ३०,००० युरो कव्हरचा सक्तीचा प्रवास विमा, आणि पासपोर्टवर छान स्टिकर. वकिलातीने कागद पाहून व्हिसा दिला म्हणजे कागद खरे, असं आम्ही धरून चाललो. अर्जाच्या वेळी होल्डचं आरक्षण चालून जातं, पैसे भरलेत का हे तिथे कोणी बघत नाही. आणि माझ्या विमा पॉलिसीत बॅग हरवली, पाय मोडला, विमान चुकलं, सगळ्याला जागा आहे. एजंटच्या लबाडीला नाही.

फुटलं कसं, तर जेवणावरून. बायको शाकाहारी आणि पोर्तुगालमध्ये उठसूट खारवलेला कॉड मासा, म्हणून ऑगस्टमध्ये कंपनीला कळवायला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी अतिशय सभ्य उत्तर: हे आरक्षण मुदतीत रक्कम न आल्याने रद्द झालेलं आहे. एजंट आधी म्हणाला सिस्टीम अपडेट झाली नाही. मग म्हणाला बल्क बुकिंगमध्ये टाकलंय. मी ऑफिसात जाऊन आवाज चढवल्यावर त्याने ३,००,००० चा चेक दिला. तो परत आला, खात्यात रक्कम नाही. त्यानंतर फोन बंद, बोर्ड उतरवलेला. त्या दोन मुलींचाही दोन महिन्यांचा पगार बुडालाय, असं शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

इथून पुढे खरी यात्रा. पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर समोरासमोर बसून तुम्हीच आरटीजीएस केलंत, यात सायबर काय? परत ठाण्यात. आता दुसरे साहेब. त्यांनी चेक पाहिला आणि त्यांचा चेहराच उजळला. "चेक दिलाय ना त्याने? मग त्याची द्यायची नियत होती. हा सिव्हिल मॅटर." म्हणजे न वटणारा चेक देऊन त्या पठ्ठ्याने मला गप्प केलं नव्हतं, पोलिसांना गप्प केलं होतं! आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम कमी पडली. पाच लाख अठ्ठ्याण्णव हजार पाचशे, कमी. तिथल्या हवालदाराने मात्र मनापासून विचारलं, "पण नाशकात वाइन मिळते की काका, एवढं लांब कशाला?"

माझ्याच जुन्या बँकेत गेलो. खातं कोणाचं, पैसे पुढे कुठे गेले, एवढंच विचारलं. ज्याला मी व्हाउचर कसं भरायचं ते शिकवलं होतं, तो आता शाखाधिकारी आहे. तो म्हणाला, "सर, व्यवहार तुम्हीच अधिकृत केलेला आहे, आणि समोरच्या ग्राहकाची माहिती देता येत नाही." नियमाने त्याचं बरोबर आहे, आणि तरी त्याच्या लग्नातला अहेर मला आठवला.

डोरोबद्दल एक गोष्ट वाचली होती. पोर्ट या इथल्याच वाइनच्या नावाखाली भेसळ फार माजली, तेव्हा १७५६ साली पोर्तुगालच्या राजाचा मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल झालेला, याच्या कारभारात या प्रदेशाची हद्द ठरवली गेली आणि पुढे ती दाखवायला ग्रॅनाइटचे खांब रोवले. फसवणूक थांबवायला अठराव्या शतकात माणसं डोंगरावर दगड वाहून नेत होती. माझ्या शहरात साधा तक्रारअर्ज घेतल्याचा शिक्का मारायला तीन टेबलं फिरावं लागलं, आणि तिसऱ्या टेबलावर शाईचा पॅड सुकलेला होता.

जे कामाचं आहे ते सांगतो. ठाण्यात नुसतं "तक्रार" म्हणू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहून अर्ज द्या. एफआयआर घेतली नाही तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्ट. चेक परत आला तर बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. एजंट गोड बोलून हीच मुदत घालवतात. ग्राहक आयोगात भरलेली रक्कम पाच ते दहा लाख असेल तर तक्रारीला फी फक्त २०० रुपये आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मी नंतर टाकला, तर तो मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचा निघाला. आरटीजीएसचं खातं बोर्डवरच्या नावाचं नसेल आणि "ग्रुप कंपनी आहे आमची" असं उत्तर मिळालं, तर उठा. शक्य असेल तर क्रूझचे पैसे थेट कंपनीला क्रेडिट कार्डाने भरा. कार्ड असतं तर निदान बँकेकडे रक्कम वादात टाकता आली असती. आणि पॅन मागितला नाही तर टीसीएस देऊ नका, मग समोरचा तुमचा भाचा का असेना.

सध्या चेकची नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली आहे आणि ग्राहक आयोगात पुढची तारीख पडली आहे. एजंटचं नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. पण नाशिक रोड ते गंगापूर रोड पट्ट्यात कोणी २०२४ च्या उन्हाळ्यात परदेशी टूरचे पैसे भरून बसलं असेल, आणि पावतीवर पॅनच्या जागी पेनाची आडवी रेघ असेल, तर ती पावती फाडू नका. ग्राहक आयोगाच्या आवारात मला असे आणखी दोघे भेटलेत. एकाचे बालीचे १,७६,०००, दुसऱ्याचे दुबईचे ९४,०००. तिघांचे मिळून ८,६८,५०० होतात. आर्थिक गुन्हे शाखेला किती लागतात ते त्यांनी अजून लेखी दिलेलं नाही. सोमवारी पुन्हा जातोय.