अटॅक्सियाची फिजिओ: क्लिनिकला जावं की घरी बोलवावं?

अटॅक्सियाचं, म्हणजे तोल आणि हालचालींवरचा ताबा सुटण्याचं, निदान झालंय, न्यूरॉलॉजिस्टनी 'व्यायाम सोडू नका' म्हणून बजावलंय आणि आता जायचं की बोलवायचं एवढंच ठरायचंय, असं धरून चालतो. मला एससीए-२ आहे, म्हणजे अटॅक्सियाचा एक आनुवंशिक, हळूहळू वाढत जाणारा प्रकार. दीड वर्ष क्लिनिकला गेलो; गेली दोन वर्षं फिजिओच्या मॅडम आठवड्यातून तीनदा घरी येतात.

क्लिनिकची बाजू लंगडी नाही. पॅरलल बार, म्हणजे धरून चालायचे दोन समांतर दांडे, घरात मावत नाहीत. आपला तोल सरळ चालताना एक वेळ सावरतो, वळताना जातो. त्या क्षणी कंबरेचा पट्टा धरून मागे कोणी उभं असलं की धीर येतो. ठरलेली वेळ असली की माणूस उठून जातोही. घरी 'आज राहू दे' म्हणायला कितीसा वेळ लागतो? शिवाय घरची व्हिजिट मला जवळजवळ दुप्पट पडते.

तरी सोडलं, ते शेकामुळे. तिथे सगळे गुडघेवाले, मानवाले, फ्रोझन शोल्डरवाले. आलेल्या प्रत्येकाला आधी वीस मिनिटं शेक आणि करंटचं मशीन. मलाही! "अहो, मला दुखत काहीच नाही."

"बरं वाटेल काका, पडून राहा."

मग तिथली फिजिओ मुलगी माझ्याकडे वळणार, तोच पलीकडच्या कॉटवर टायमर वाजायचा. रिक्षाचे गचके आणि एका मजल्याचा जिना यांनी मी आधीच दमलेला असायचो, आणि दमल्यावर आपली पावलं कशी पडतात ते तुम्हाला सांगायला नको. सगळीकडे असंच असेल असं नाही. जवळपास न्यूरो-रिहॅबचा, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या रुग्णांच्या व्यायामोपचारांचा, वेगळा विभाग असेल, तर माझं म्हणणं खुशाल बाजूला ठेवा.

घरी मॅडमनी पहिल्याच दिवशी खडू मागितला. फ्रेंकेल या स्विस डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाणारे व्यायाम आहेत: नजर पायावर, तोंडाने आकडे, हालचाल अगदी सावकाश. त्यासाठी हॉलपासून मोरीपर्यंत पावलं काढली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गौरी लवकर आल्या का हो?" त्या पावलांवरून चालत मी मोरीचा उंबरठा ओलांडायला शिकलो, कारण पडायचो तो तिथेच. हल्ली अंघोळीला जाताना बायको दारात उभी राहत नाही. माझं मोजमाप एवढंच.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात अटॅक्सियाच्या ४२ रुग्णांकडून ४ आठवडे रोज कसून सराव करून घेतला होता. सुधारणा झाली, पण २४ आठवड्यांत गाडी बरीचशी मूळ जागी येऊ लागली. म्हणजे वर्षानुवर्षं निभेल असंच काहीतरी निवडायला हवं, आणि मला तरी क्लिनिक निभलं नाही.

जमलं तर सुरुवातीचा महिना क्लिनिकात काढा आणि पट्टा कसा धरायचा ते घरातल्या कोणालातरी तिथेच शिकवून घ्या. मग घरी येणाऱ्यांना फोन लावाल तेव्हा आधी विचारा, "मशीन आणणार का?" उत्साहाने 'हो' आलं, तर दुसरा नंबर फिरवा.